बावड्याची बातमी आणि पुण्याचा आयपी: ॲपमध्ये पेपरची ‘आवृत्ती’ कुठे गेली?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी एकच आकडा असतो, राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी. बंधारा आमच्या कसबा बावड्याचा, पंचगंगेवरचा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्याने ५५ फूट ओलांडले आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते त्याच्याही वर गेलं.

हा आकडा छापील पेपरला कधीच झेपणार नव्हता. पान मध्यरात्रीच्या आसपास सुटतं, पेपर सकाळी सहा-सातला दारात पडतो. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. हे रात्री दोन वाजता झालं तर सकाळच्या पेपरात नसतं आणि मोबाईलवर दोन वाजून पाच मिनिटांनी येतं. इथे ॲप जिंकलं, वाद नाही.

यावरून ‘पेपर संपला, आता ॲपचा जमाना’ असं आपण बोलून मोकळे होतो. मला ते अर्धंच पटतं. मी पेपरच्या कंपनीत कधी काम केलेलं नाही, पण मजकूर साठवणाऱ्या आणि नोटिफिकेशन पाठवणाऱ्या सिस्टिम्स हेच माझं रोजचं काम आहे. त्या नजरेने बघितलं तर पेपर मोबाईलवर येताना बातमी नीट आली, पण ‘आवृत्ती’ वाटेत गळाली. आणि त्याचा फटका पाणी पातळीपेक्षा भलत्याच ठिकाणी बसतोय. जमिनीच्या नोटिशीत. तिथपर्यंत येतोच.

आवृत्ती म्हणजे नक्की काय?

आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘व्हर्जन’ म्हणतो, त्याला मराठीत आवृत्तीच म्हणतात. पेपरच्या आवृत्तीत तीन गोष्टी पक्क्या असतात: तारीख, जागा आणि क्रम. अमुक दिवशी, कोल्हापूर आवृत्तीत, पान चारवर, तीन कॉलम. एकदा छापलं की बदलता येत नाही. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो आणि तोही कायमचा राहतो.

वेबसाइट आणि ॲप याच्या उलट चालतात. बातमीचा मथळा सकाळी एक, दुपारी दुसरा. मजकूर बदलला तरी पत्ता तोच. आतल्या सिस्टिममध्ये जुनी व्हर्जन्स बहुतेक वेळा साठलेली असतात, पण वाचकाला दिसते ती फक्त शेवटची. तारीखही कोपऱ्यात बारीक अक्षरात. त्यामुळे दर पुरात जुन्या पुराचे फोटो आणि व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. वेग कमी झाला असेल, पण चित्रावर तारीख काही उमटली नाही. पेपरच्या कात्रणाचं तसं नसतं. कात्रण पिवळं पडलं की त्याचं वय दिसतं.

एकाच ऑफिसमध्ये दोन पाइपलाइन

आता थोडं तांत्रिक. मराठी पेपरची पानं बराच काळ पेजमेकर, क्वार्कएक्सप्रेस आणि नंतर इनडिझाइनमध्ये लागत आली. अक्षरं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टची. या फॉन्टची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, वर फक्त मराठी अक्षराचं चित्र चिकटवलेलं. फॉन्ट काढला की सगळी गिचमिड. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ चा स्वतःचा कोड आहे, तो कुठल्याही फोनवर ‘क’ च राहतो आणि शोधला की सापडतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. छापखान्यांना घाई नव्हती, कारण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

मोबाईलने ही घाई लावली. २००९ मध्ये नोकियात काम केलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी या दोघांनी ‘न्यूजहंट’ सुरू केलं. तेव्हाच्या बऱ्याच फोनवर भारतीय भाषा धड दिसत नव्हत्या, आणि अशा फोनवर भाषिक पेपर वाचायला मिळतो हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. २०१५ मध्ये त्याचंच नाव डेलीहंट झालं. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. एमबी मोजून वापरणारे आम्ही एका महिन्यात लाइव्ह मॅच बघायला लागलो. घरातल्या मोठ्यांच्या हातातही स्मार्टफोन आला तो त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत.

पेपरच्या कंपन्यांनी तेव्हा जे केलं ते आजही बऱ्याच ठिकाणी तसंच आहे: दोन वेगळ्या पाइपलाइन. एक पानाची. त्यातून छापील पेपर निघतो आणि त्याच पानाचं चित्र किंवा पीडीएफ म्हणजे ‘ई-पेपर’. दुसरी वेबची. बातमीदाराने पाठवलेल्या मजकुरातून निवडक बातम्या युनिकोडमध्ये वेगळ्या सिस्टिममध्ये चढवल्या जातात, त्या ॲपवर दिसतात. म्हणजे ई-पेपर आणि ॲप ही एकाच घरातली दोन भावंडं असली तरी एकाला काय माहीत आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसतं.

मग पहिल्या पाइपलाइनमध्ये असलेलं पण दुसरीत कधीच न चढणारं काय उरतं? आतल्या पानावरची गल्लीतली बातमी. श्रद्धांजली. टेंडर. आणि जाहीर नोटीस.

तीन बावडे आणि एक आयपी

गल्लीतली बातमी ॲपवर चढली तरी ती गल्लीपर्यंत पोचणं अवघडच. छापील आवृत्तीत हा प्रश्न ट्रकने सोडवलेला असायचा. कोल्हापूर आवृत्तीचे गठ्ठे कोल्हापूरलाच उतरायचे. ॲपला तुम्ही कुठे आहात ते ओळखावं लागतं. तुम्ही लोकेशनची परवानगी दिली नाही (आणि देऊ नयेच, प्रत्येक ॲपला कशाला?), तर ॲप आयपी पत्त्यावरून अंदाज बांधतं. मोबाईल डेटाचा आयपी हा तुमच्या टॉवरचा नसतो, कंपनीच्या मोठ्या गेटवेचा असतो. त्यामुळे बावड्यात बसलेला माणूस अनेकदा पुण्यात किंवा मुंबईत दिसतो. ‘तुमच्या जवळच्या बातम्या’ मध्ये हिंजवडीचं ट्रॅफिक का येतं, याचं उत्तर हे आहे. हिंजवडीत नोकरीला असलेल्या आमच्या अर्ध्या बॅचला ते उपयोगीच पडत असेल म्हणा.

बरं, शब्दांवरून ओळखायचं ठरवलं तर? ‘बावडा’ शोधा. कसबा बावडा आहे, गगनबावडा तालुका आहे, आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं बावडा आहे. ‘बावड्यात मुसळधार’ ही बातमी कुणाची? गगनबावड्याची असेल तर ती आम्हाला महत्त्वाचीच, कारण तिथला पाऊस कुंभी नदीतून पंचगंगेत येतो. इंदापूरची असेल तर काही संबंध नाही. ‘राजाराम’ चं तर विचारूच नका. बंधारा, साखर कारखाना, कॉलेज, तलाव आणि राजारामपुरी. उपसंपादकाला हे एका नजरेत कळतं. मशीनला शिकवता येतं, अवघड नाही, पण त्यासाठी कुणीतरी बसून जिल्ह्यातल्या गावांची, पेठांची, नद्यांची यादी करावी लागते. ते काम कंटाळवाणं आहे आणि त्यातून व्ह्यूज वाढत नाहीत.

खरी मेख इथे आहे. ॲपवर बातमीचं मोल किती जणांनी उघडली यावर ठरतं. बावड्यातल्या पाणीपुरवठ्याची बातमी कितीही चांगली लिहा, तिला वाचक बावड्याएवढेच. सिनेमातल्या लग्नाला अख्खा महाराष्ट्र. पान चारवर दोन्हींना जागा असायची, कारण जागा संपादक वाटायचा आणि कागद कुठे ना कुठे भरायचाच असायचा. स्क्रीनवर वरच्या तीन-चार बातम्यांनाच भाव.

‘कोल्हापूर’ नावाचं वेगळं नोटिफिकेशन चॅनेल करणं तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याचा खर्च नगण्य. महाग आहे तो रात्री दोन वाजता जागा राहून, नियंत्रण कक्षाला फोन करून, आकडा खरा आहे ना हे बघणारा माणूस.

पैशाचं थोडक्यात

छापील पेपरची किंमत त्याच्या खर्चापेक्षा कमी असते, तूट जाहिरातीतून भरते. स्थानिक जाहिरात होती दुकानाच्या उद्घाटनाची, क्लासची, वाढदिवसाची. आता तोच दुकानदार फेसबुक-इन्स्टाग्रामवर नकाशात गोल आखून ‘दुकानापासून इतक्या किलोमीटरमध्ये’ जाहिरात लावतो. म्हणजे जी जागा पेपरच्या ॲपला ओळखता येत नाही, ती मेटाला येते आणि पैसेही तिकडे जातात. सरकारी बाजूनेही विचित्रपणा आहे: छापील पेपरवर जीएसटी शून्य, डिजिटल वर्गणीवर १८ टक्के. गूगल जाहिरातीच्या पैशातला वाटा योग्य देत नाही, या डिजिटल प्रकाशकांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला.

वर्गणी भरायला आपणही तयार नसतोच. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायला काही दिवस बंदी घातली, तेव्हा ग्रुपवर सकाळी सकाळी पेपरच्या पीडीएफ यायला लागल्या. मे २०२० मध्ये दैनिक जागरणच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनेल काढायला सांगितलं. सवय मात्र राहिली. माझ्या मते यात वाचकांनी एक गोष्ट न बोलता सांगितली होती: त्यांना स्क्रोल करायला ॲप नको होतं, फोनवर अख्खा पेपर हवा होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, संपणारा.

जाहीर नोटीस: इथे खरं अडतं

जमीन घ्यायची असेल तर वकील टायटल सर्च करताना पेपरात जाहीर नोटीस देतात: अमुक गट नंबर, अमुक मालक, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी. सरकारला जमीन संपादन करायची असेल तर २०१३ च्या कायद्यातलं कलम ११ सांगतं की प्राथमिक अधिसूचना इतर मार्गांबरोबर त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. बँक थकीत कर्जापोटी घराचा ताबा घेते तेव्हाही दोन पेपर, एक स्थानिक भाषेतला.

कायदा ‘त्या भागात खपणारा’ म्हणतो. ॲप कुठल्या भागात खपतं? नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, त्यातही वृत्तपत्र म्हणजे घडीचे, सहसा न्यूजप्रिंटवर छापलेले कागद. त्यामुळे नोटीस अजून कागदावरच येते, आणि कायद्याच्या दृष्टीने ‘तुम्हाला कळवलं’ असं होतं.

आता आमच्या पिढीचं बघा. वडिलोपार्जित सात-बारावर नाव आहे, राहायला पुण्यात किंवा बंगळुरात, घरी पेपर बंद, फोनवर ॲप. ॲपमध्ये नोटीस नाही. ई-पेपरमध्ये आहे, पण चित्र म्हणून. गट नंबर टाकून शोधला तर सापडत नाही, कारण मशीनच्या लेखी तिथे अक्षरंच नाहीत. हरकतीचे दिवस निघून जातात. आधी निदान गावातला चुलता किंवा चहाच्या टपरीवरचा कुणीतरी ‘अरे, तुमच्या गटाची नोटीस आलीय की पेपरात’ म्हणायचा. तो सुद्धा आता रील बघतोय.

यावरचा उपाय अवघड नाही, हे मला जास्त खटकतं. नोटीस पेपरकडे येते तेव्हा ती टाइप केलेलीच असते. ती युनिकोडमध्ये वेगळी साठवायची, गाव, तालुका, गट नंबर आणि तारीख हे चार रकाने करायचे, आणि ‘कसबा बावडा’ निवडलेल्या माणसाला नोटिफिकेशन द्यायचं. छापलेल्या पानाचा क्रमांक सोबत ठेवायचा म्हणजे पुरावाही राहतो. अशा सेवेला मी पैसे देईन आणि जमिनीत नाव असलेले बरेच लोक देतील. स्थानिक पेपरकडे हा मजकूर रोज येतो, गूगलकडे नाही. असं असताना सगळ्यांची ॲप्स एकाच सिनेमाच्या ट्रेलरमागे का धावतात, कळत नाही.

तोवर एक तपासणी घरी करून बघा. तुमच्या पेपरचा ई-पेपर उघडा, जाहीर नोटिशींचं पान काढा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर तो दुसरीकडे पेस्ट करून बघा. मराठीच राहिला तर तुमचा पेपर शोधता येतो. निवडलाच गेला नाही, किंवा पेस्ट केल्यावर गिचमिड आली, तर गावाकडचा पेपर बंद करण्याआधी घरी विचारा की नोटिशींचं पान रोज कोण वाचतंय.