अर्ज मागे घेतला, म्हणून धोका टळतो का?

वसईच्या त्या मुलीचं नाव मी लिहीत नाही. सगळ्या देशाला ते पाठ आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बातमी आली. मे महिन्यात दिल्लीत सोबत्यानेच तिचा खून करून देहाचे तुकडे केले, असा पोलिसांचा आरोप. आरोपीचं नाव मुस्लिम. मग काय, चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत मला एकच प्रश्न: 'तुमचं यावर काय म्हणणं?'

मी निषेध केला. मनापासून केला. पण आमच्यातले काहीजण 'तो कसला मुसलमान!' म्हणून हात झटकत होते, तेही मला पटलं नाही. एका बाजूला गुन्ह्याला धर्म चिकटवायचा, दुसऱ्या बाजूला आपल्या दारातून तो बाहेर लोटायचा. दोघांनाही त्या मुलीचं काही पडलेलं नव्हतं.

तिचं म्हणणं तिनेच लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलिसांकडे तिने अर्ज दिला: तो मारहाण करतो, गळा दाबला, तुकडे करून फेकून देण्याची धमकी देतो. पुढे तिने वाद मिटल्याचा जबाब दिला आणि अर्ज बंद झाला. दीड वर्षाने ती गेली.

इथे कायदा काय सांगतो? जिवे मारण्याचा प्रयत्न हा दखलपात्र गुन्हा आहे आणि तो आपसात मिटवता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नाशिवाय नवराबायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो. म्हणजे कायदा होता. 'पण तुला भीती कसली आहे?' असं पुन्हा विचारणारं माणूस हवं होतं. मार खाणारी बाई तक्रार मागे घेते, तेव्हा बहुतेक वेळा धोका संपलेला नसतो. तिचा आधार संपलेला असतो.

सरकारने काय केलं? डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवायला समिती नेमली. अहो, त्या दोघांचं लग्नच झालेलं नव्हतं! आणि स्वधर्मात, स्वजातीत, घरच्यांच्या पसंतीने दिलेल्या मुली सासरी जळतात, त्यांची माहिती कुठली समिती ठेवणार?

मे २०२३ मध्ये दिल्लीच्या साकेत न्यायालयात खून आणि पुरावा नष्ट केल्याचे आरोप निश्चित झाले. लेकीच्या अस्थी खटल्यातला पुरावा, म्हणून अंत्यसंस्कारासाठी बापाला मिळाल्या नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बापही गेला. निकाल लागलेला नव्हता. टीव्हीवर रात्र रात्र ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी ही बातमी चालवली?

आता थोडं आपल्या मोहल्ल्याविषयी. भिंतीपलीकडून मारण्याचा आवाज येतो, तेव्हा आपण टीव्ही मोठा करतो. मुलगी रडत माहेरी आली की चार बुजुर्ग बसतात आणि 'सब्र कर, बेटी' म्हणून परत पाठवतात. तुळींजच्या त्या बंद झालेल्या अर्जाचं आणि आपल्या या समझोत्याचं नातं फार जवळचं आहे. पुढच्या वेळी ती दारात आली, तर तिला परत पाठवण्याआधी एकदा तिच्या गळ्याकडे बघा.