न पुसली जाणारी फाइल

संगणकावरील एखादी फाइल पुसूं गेलें असतां ‘ती वापरांत आहे’ असें उत्तर येतें, तेव्हां कित्येक विद्यार्थी चिडून तीच कळ पुनःपुन्हां दाबतात, अथवा सक्तीनें पुसणारा एखादा अनोळखी प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घेतात. आमच्या मतें ही घाई घातक होय.

विंडोज प्रणालींत एखाद्या प्रोग्रामनें फाइल उघडली असेल, आणि ती पुसण्याची मोकळीक इतरांस दिली नसेल, तर प्रणाली नकार देते. चालू काम अर्ध्यावर नासूं नये, म्हणून ही राखण आहे. लिनक्समध्यें रीत निराळी: तेथें नांव तत्काळ निघून जातें, परंतु वापरणारा प्रोग्राम फाइल सोडीपर्यंत तिची जागा मोकळी होत नाहीं.

म्हणून प्रथम विचारावें, फाइल कोणीं धरली आहे? विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्यें, ‘सीपीयू’ या सदराखालीं, हँडल शोधण्याच्या चौकटींत फाइलचें नांव लिहिलें असतां त्या प्रोग्रामचा पत्ता लागतो. तो रीतसर बंद करावा. न जमल्यास संगणक पुन्हां सुरू करावा. तरीही अडलें, तर पुसण्याची परवानगी आपणांस आहे काय, आणि फाइलचा पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेबाहेर गेला आहे काय, हें पाहावें. फाइल प्रणालीचीच असेल, तर मात्र हात आवरावा.

पुष्कळ घरीं एकाच संगणकावर वडिलांचे हिशेब व मुलांचा अभ्यास असतो. बळजबरीनें पुसलेलें परत मिळेलच असें नाहीं. पालकांनीं मुलांस एवढें शिकवावें कीं, नकार मिळाला असतां आधीं त्याचें कारण शोधावें.