न दिसणाऱ्या पाण्याचा हिशेब

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि नवेगावबांधचे नाव आपण अभिमानाने घेतो. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर येथील धानाची शेती उभी राहिली. तलावात किती पाणी उरले, हे पाळीवरून जाणारा गुराखीही सांगू शकतो. सर्वांना दिसणारे पाणी वाटून घेणे त्यामुळे शक्य झाले. आज मात्र विहिरी आणि बोअर यांतून जमिनीखालचे पाणी उपसले जाते, व ते कोणालाच दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजल्यावाचून वाटून घेता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणी होतच नाही, असे नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा नोंदवते. वर्षानुवर्षांचा कल समजण्यास या नोंदी मोलाच्या आहेत. परंतु उन्हाळी धानाची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत होते, कापणी मे महिन्याच्या सुमारास येते आणि मोटारपंप याच काळात जोरात चालतात. पिण्याच्या पाण्याची विहीर कोणत्या आठवड्यात तळ गाठू लागली, हे चार नोंदींतून कसे कळणार? शिवाय निरीक्षण विहीर प्रत्येक गावात नसते.

‘पावसाळ्यात विहीर पुन्हा भरतेच ना?’ असे कोणी विचारील. भरते, हे खरे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात खाली कठीण खडक आहे. पाणी साठते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. हे भांडार लहान असते. ते लवकर भरते आणि लवकर रिते होते. म्हणून ऑक्टोबरची भरलेली विहीर पाहून मे महिन्याची खात्री देता येत नाही. आधी आटते ती उथळ विहीर, आणि तिच्यावर पाणी भरणाऱ्या बाईला दूरची वाट धरावी लागते. उन्हाळी धान घेणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या घरात रोख पैसा त्याच पिकाने येतो. पण दोघांचे पाणी एकाच खडकातले आहे, हे दोघांनाही आकड्यांत दिसले पाहिजे.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास १९९३ च्या कायद्याने मनाई केली. पुढे २००९ चा व्यापक भूजल कायदा आला. परंतु गावाजवळ स्वतःची नोंद नसेल, तर कायद्याच्या आधारे दाद मागताना पुरावा कोणता दाखवायचा?

यास मोठे यंत्र लागत नाही. विहिरीच्या काठावर एक पक्की खूण करावी आणि दर आठवड्याला त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. विहिरीवरील व शेजारचे पंप बंद होऊन पुरेसा वेळ गेलेला असावा. नाहीतर उपशाने तात्पुरती खाली गेलेली पातळीच खरी समजली जाईल. आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावा. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा मार्ग दाखवलाच आहे. आपल्या ग्रामसभांनीही रोवणीपूर्वी, डिसेंबरातच, उन्हाळी धान किती एकरांत घ्यायचे ते ठरवावे.

हे काम विज्ञान शाखेचे, आपले नव्हे, असे काही मित्र म्हणतात. टेप वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. त्या आकड्यावरून चार माणसांना एकत्र बसवणे हे अधिक कठीण, आणि ते अर्थशास्त्र, भूगोल व राज्यशास्त्र शिकणाऱ्यांचेच काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्याच गावातील एका विहिरीची वही आपण ठेवली, तर शिबिर संपल्यावरही ते काम गावाच्या उपयोगी पडेल.