यात्रेहून परतल्यावर



चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक जमतात. सासनकाठ्या नाचतात, चांगभलंचा गजर होतो आणि एक-दोन दिवसांत ही माणसे सातारा, सोलापूर, बेळगाव येथील आपापल्या घरी परततात. पाणी दूषित असेल, तर त्याचा त्रास बहुधा त्यानंतरच सुरू होतो. पटकीची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही दिसतात. विषमज्वराला एक ते तीन आठवडेही लागतात. पाणी प्यायले वाडी रत्नागिरीत आणि रुग्णाची नोंद कऱ्हाडात, असे त्यामुळे घडते.

अशा नोंदींसाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आहे. आरोग्यसेविका लक्षणे 'एस' नमुन्यात भरते, डॉक्टर संभाव्य निदान 'पी' नमुन्यात, तर प्रयोगशाळा खात्रीचे निदान 'एल' नमुन्यात. पूर्वी ही माहिती आठवड्याने वर जात असे, आता ती संगणकावरून जाते. व्यवस्था चांगली आहे. परंतु रुग्ण कोठून आला हे कोणी विचारलेच नाही, तर पन्हाळा तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना संशय यावा कशावरून? शिवाय खासगी दवाखान्यातील अनेक रुग्ण या साखळीत येतच नाहीत.

म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. (बाहेर चाळीस माणसे ताटकळत असताना आम्ही विचारूच, याची खात्री मीही देणार नाही.) कोठे गेलो, कोणत्या दिवशी, पाणी नळाचे की टँकरचे, बर्फाचे सरबत घेतले का, हे सांगा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बरोबरच्यांना त्रास आहे का. एकाचे जुलाब अपचनाचे असू शकतात. एकाच जीपमधील पाच जणांचे तसे नसतात. हीच माहिती गावातील आशाताईंनाही द्या.

घरातील वृद्ध सुनेला जुलाबाविषयी सांगण्यास संकोचतात. उतारवयात तहानही कमी लागते, त्यामुळे शरीर कोरडे पडल्याचे उशिरा कळते. क्षारसंजीवनीची एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावी. लघवी कमी झाली, ग्लानी आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चालू असल्यास पुढची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शौचाची तपासणी सांगितली असेल, तर नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडेलच असे नाही, आणि मग 'एल' नमुना कोराच राहतो. मात्र प्रकृती खालावत असेल, तर नमुन्यासाठी उपचार थांबवू नयेत.