घडीच्या पोळीतला घातांक

घडीची पोळी करताना लाटी थोडी लाटून तिला तेलाचं बोट लावतात, अर्धी दुमडतात आणि पुन्हा एकदा दुमडतात. घड्या दोन, पदर चार. गणिताच्या पुस्तकात हेच २² असं लिहितात. पाया दोन, कारण दर घडीला पदर दुप्पट होतात. आणि डोक्यावरचा लहानसा अंक, म्हणजे घातांक, फक्त घड्या मोजतो. आता वर्तमानपत्राचं पान घ्या. पाच घड्यांत २⁵ म्हणजे ३२ पदर होतात. सातव्या घडीला ६४ पदर वाकवून १२८ करताना हात हरतात. २००२ साली अमेरिकेतल्या ब्रिटनी गॅलिवन या शाळकरी मुलीने कागदाची लांबलचक पट्टी बारा वेळा दुमडून दाखवली, तेव्हा पदर झाले ४०९६. कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला, तर ४२ घड्यांची चळत चंद्राच्याही पलीकडे जाईल! आपलं मन बेरजेने चालतं, म्हणून दुपटीचा वेग आपल्याला उशिरा कळतो. कर्जात हा उशीर फार महाग पडतो. दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजाने थकलेली रक्कम साधारण सहा वर्षांत दुप्पट होते. अठरा वर्षांत तीन घड्या पडतात आणि २³, म्हणजे जवळजवळ आठपट देणं उभं राहतं. म्हणून मुलांना घातांक फळ्यावर शिकवण्याआधी एकदा पोळपाटाशी बसवा, त्यांच्या हाताने घडी घालू द्या आणि पदर मोजायला सांगा.