काडीवरचे नाव, डोळ्यांतली पारख

पहिला पगार झाला की आईला साडी, वडिलांना शर्टाचे कापड आणि देवापुढे पेढे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. माझ्या भाचीने तो सगळा पाळला आणि उरलेल्या पैशांतून स्वतःसाठी एक चष्मा घ्यायचे ठरवले. साधासुधा नव्हे, ‘डिझायनर’ चष्मा! "मामा, तू चल बरोबर. तुझा जन्म गेलाय चष्मा लावण्यात," असे म्हणून तिने मला पेठेतल्या एका जुन्या चष्म्याच्या दुकानात नेले. काउंटरवर मखमली ट्रेमध्ये दोन फ्रेम्स आल्या. दोन्ही काळ्या, दोन्ही जाड कडांच्या. एकीच्या काडीवर एका इटालियन फॅशनगृहाचे नाव, तर दुसरीवर गॉगलसाठी प्रसिद्ध असलेले नाव. किमतीत दुपटीहून अधिक फरक. भाचीने आधी काड्या उलटसुलट करून नावे वाचली, मग किमतीच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि सर्वांत शेवटी आरशात पाहिले. "मामा, यातली चांगली कुठली रे?"

उत्तर दिले ते दुकानदार काकांनी. "अगं बाळ, दोन्ही एकाच घरातल्या आहेत."

काकांच्या या एका वाक्यात चैनीच्या चष्म्यांच्या जागतिक बाजाराचे सार आहे. हजारो रुपये मोजून आपण जे नाव नाकावर मिरवतो, ते बहुतेक वेळा बनवणाऱ्याचे नसते. ते भाड्याने घेतलेले असते. मग पैसे कशाचे द्यायचे आणि विश्वास कशावर ठेवायचा, हा प्रश्न हौशी संग्राहकांपुरता राहत नाही. पहिल्या पगारातून चष्मा घेणाऱ्या मुलीचाही तोच प्रश्न आहे.

मृत्युपत्रातला चष्मेवाला

सप्टेंबर २०२५ मध्ये विख्यात इटालियन फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी वयाच्या ९१ व्या वर्षी निवर्तले. हयातभर त्यांनी आपले फॅशनगृह स्वतःच्या मुठीत ठेवले होते. त्यामुळे त्यांच्या मृत्युपत्राकडे साऱ्या व्यापारी जगाचे लक्ष लागले होते. ते उघडले तेव्हा कळले की, कंपनीचा १५ टक्के हिस्सा विकावा आणि त्यासाठी तीन कंपन्यांचा विचार अग्रक्रमाने करावा, अशी त्यांची इच्छा होती. पहिली, लुई व्हिताँसारखी नावे बाळगणारी फ्रान्सची एलव्हीएमएच. दुसरी, सौंदर्यप्रसाधनांतली लॉरिआल. आणि तिसरी एसिलॉरलक्झोटिका, म्हणजे चष्मे करणारी कंपनी! फॅशनच्या सम्राटाच्या वारसदारांच्या पंगतीत चष्मेवाल्याचे पान मांडले गेले, याचे अनेकांना नवल वाटले. ज्यांना १९८८ साल आठवत होते, त्यांना मात्र वाटले नाही.

ती गोष्ट लिओनार्दो देल व्हेक्किओ या माणसाची आहे. १९३५ साली मिलानमध्ये जन्म. वडील जन्माआधीच वारलेले. आईने सात वर्षांच्या मुलाला अनाथाश्रमात ठेवले. पुढे पोरवयातच तो धातूकामाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. १९६१ मध्ये उत्तर इटलीच्या डोंगराळ बेलुनो प्रांतातल्या आगोर्दो या गावी त्याने ‘लक्झोटिका’ काढली. सुरुवातीला ही कंपनी दुसऱ्यांच्या चष्म्यांचे सुटे भाग बनवून देत असे. मग तिने पूर्ण फ्रेम्स बनवायला घेतल्या आणि १९८८ मध्ये अरमानी यांच्याशी करार केला. नाव आणि आरेखनाची दिशा अरमानींची, कारखाना आणि वितरण लक्झोटिकाचे, आणि विक्रीतला ठरलेला वाटा नावाच्या मालकाला.

कपड्यांच्या नामांकित घराण्यांचे चष्मे त्याआधीही निघत होते. पण या करारानंतरच्या काळात या पद्धतीने असा जोर धरला की, औषधासारखी घ्यावी लागणारी वस्तू दागिन्यासारखी हौसेने घेतली जाऊ लागली. प्राडा, शनेल, व्हर्साची, डॉल्चे अँड गबाना अशी नावे एकामागून एक लक्झोटिकाकडे आली. काही नावे तर तिने विकतच घेतली. १९९५ मध्ये पर्सोल, १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बकडून रे-बॅन, २००७ मध्ये ओकले. जोडीला दुकानेही आली. १९९५ मध्ये अमेरिकेतली लेन्सक्राफ्टर्स आणि २००१ मध्ये सनग्लास हट. यातली गोम ओकलेच्या बाबतीत दिसली. सनग्लास हट लक्झोटिकाकडे गेल्यावर त्या दुकानांतून ओकलेला जाणाऱ्या ऑर्डरी घटल्या, ओकलेच्या शेअरचा भाव कोसळला आणि काही वर्षांनी ओकलेच लक्झोटिकाच्या घरात आली. २०१८ मध्ये भिंगांच्या धंद्यात अव्वल असलेली फ्रान्सची एसिलॉर आणि लक्झोटिका एक झाल्या. फ्रेम त्यांची, काच त्यांची, कित्येक ठिकाणी दुकान त्यांचे, आणि अमेरिकेत तर डोळ्यांच्या विम्याची एक मोठी कंपनीही त्यांचीच. अनाथाश्रमात वाढलेला तो मुलगा २०२२ साली वारला तेव्हा इटलीतल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता.

अरमानींच्या नावाचा प्रवास तर आणखी बोलका आहे. २००३ पासून त्यांचे चष्मे लक्झोटिकाऐवजी साफिलो ही दुसरी इटालियन कंपनी बनवू लागली आणि २०१३ मध्ये ते पुन्हा लक्झोटिकाकडे आले. काडीवरचे नाव तेच राहिले. त्यामागचे हात मात्र दोनदा बदलले.

हे सारे पाहून फॅशनगृहांचेही डोळे उघडले. गुच्चीची मालक असलेल्या केरिंगने २०१४ मध्ये स्वतःचीच चष्म्याची कंपनी काढली आणि साफिलोशी असलेला गुच्चीचा करार मुदतीआधी संपवण्यासाठी ९ कोटी युरो मोजले. एलव्हीएमएचने २०१७ मध्ये थेलिओस नावाची कंपनी उभारली. भाड्याने दिलेल्या खोलीतून भाडेकरू एवढे कमावतो म्हटल्यावर घरमालकाला जाग यावी, तसाच हा प्रकार.

मोल कोण ठरवतो?

म्हणजे नाममुद्रांचे चष्मे ही निव्वळ लूट आहे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या नावामागे चांगले आरेखक असतात, कारखान्यात तपासणी कडक असते आणि काडी तुटली तर बदलून मिळण्याची शक्यता असते. त्याचे पैसे पडणारच. पण नाव ही दर्जाची खूण आहे आणि म्हणून तीच अभिरुचीचीही खूण आहे, असे जेव्हा आपण मानू लागतो तेव्हा फसगत सुरू होते. दर्जा कारखान्यातून येतो. अभिरुची ज्याची त्याला कमवावी लागते.

ज्यांनी चष्मे खरोखर जिवापाड जमवले, त्यांच्याकडे पाहिले की हे उमगते. न्यूयॉर्कच्या आयरिस ॲपफेल या बाई उंची कापड आणि गृहसजावटीच्या व्यवसायातल्या. डोळ्यांना नंबर नव्हता तेव्हापासून त्या जुन्या बाजारांतून फ्रेम्स उचलून आणत, केवळ आकार आवडला म्हणून. पुढे त्यांचा तो भलामोठा गोल काळा चष्मा जगप्रसिद्ध झाला. २००५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या कपड्यांचे आणि दागिन्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. त्यात अत्यंत महागड्या वस्तू होत्या आणि बाजारात कवडीमोलाने घेतलेल्याही होत्या. कुठली कशाशी जुळवायची, हे ठरवणारी नजर मात्र एकच होती. २०२४ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी बाई गेल्या, तोवर त्या चष्म्याइतकी त्यांची दुसरी ओळख नव्हती.

दुसरे उदाहरण रस्त्यावरचे. कारी झालोनी या डिझायनरने १९७५ मध्ये जर्मनीत ‘कझाल’ ही नाममुद्रा सुरू केली. जाडजूड आणि भडक अशा या फ्रेम्स १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांनी उचलून धरल्या. रॅप गाणाऱ्या ‘रन-डीएमसी’च्या डॅरिल मॅकडॅनियल्सच्या डोळ्यांवर त्या दिसू लागल्या. आज त्या काळातल्या कझालसाठी संग्राहक चढाओढ करतात. तिला हे मोल मिळवून दिले ते वस्तीतल्या पोरांच्या नजरेने. इटलीत तूरिनच्या ट्रामचालकांना वारा-धुळीपासून संरक्षण मिळावे म्हणून पर्सोलने १९५७ मध्ये काढलेला ‘६४९’ हा नमुनाही असाच कामकऱ्यांचा चष्मा होता. तो आज चैनीच्या दुकानात मिळतो.

आणि आपल्या घरचे उदाहरण? ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे एका लिलावगृहाच्या टपालपेटीत साध्या लिफाफ्यात घातलेला एक गोल चष्मा सापडला. तो महात्मा गांधींचा असल्याचे निष्पन्न झाले. १० ते १५ हजार पौंड येतील असा अंदाज होता. बोली गेली २ लाख ६० हजार पौंडांपर्यंत! सोन्याचा मुलामा होता, पण किंमत मुलाम्याची नव्हती. एका माणसाने आपल्या गरजेला आणि स्वभावाला साजेसा चष्मा लावला आणि तो आकारच त्याचे चिन्ह होऊन बसला, त्याची ती किंमत होती.

पारख कशी करावी?

पारख म्हणजे काही जन्मजात देणगी नव्हे. आपल्या आज्ज्या साडी घेताना पदर उलटून पाहत, चिमटीत कापड चोळत, मग भाव विचारत. चष्म्याचेही तसेच आहे. चांगली जाड फ्रेम बहुधा ॲसिटेटची असते. कापसाच्या वा लाकडाच्या लगद्यापासून बनणारे हे द्रव्य. त्याच्या पट्टीतून फ्रेम कापून काढतात, लाकडाच्या तुकड्यांसह पिंपात घालून तासन् तास घोळवतात आणि मग हाताने झिलई देतात. त्यात रंग पोटातून आलेला असतो, वरून फासलेला नसतो. साच्यात ओतलेल्या स्वस्त फ्रेमच्या कडेला पुष्कळदा साच्याच्या जोडाची बारीक रेघ बोटाला लागते. बिजागरी उघडताना-मिटताना तिला एकसारखा दाब हवा, खटका किंवा ढिलेपणा नको. फ्रेम टेबलावर उलटी ठेवली तर डुगडुगता कामा नये.

जपानमधल्या साबाए या गावाचे उदाहरण यासाठी डोळ्यांपुढे ठेवावे. तिथल्या बर्फाळ हिवाळ्यात शेतकऱ्यांना हाताला काम मिळावे म्हणून १९०५ साली मासुनागा गोझाएमोन यांनी ओसाकाहून कारागीर आणून हा धंदा रुजवला. आज जपानमध्ये बनणाऱ्या १०० फ्रेम्सपैकी ९० हून अधिक तिथल्या असतात. १९८० च्या दशकात टायटॅनियमच्या हलक्या फ्रेम्स तयार करण्यात हे गाव आघाडीवर होते. तरीही कित्येक वर्षे साबाएचे हात राबले आणि काडीवर नाव दुसऱ्याचे राहिले. गावाचे नाव न वाचता वस्तू हातात घेऊन ज्यांनी पारखली, त्यांना ते आधी कळले.

दर्जानंतरची परीक्षा चेहऱ्याची. युरोपीय नाकाच्या मापाने बेतलेली फ्रेम आपल्याकडे कित्येकदा नाकावरून घसरते. अशी घसरणारी फ्रेम कितीही नामांकित असली तरी ती आपली नव्हे. आणि शेवटची परीक्षा मनाची. हे नाव उद्या पुसले गेले तर मी ही फ्रेम लावीन का?

हा प्रश्न आज नव्याने तातडीचा झाला आहे. फेसबुकची मालक असलेली मेटा आणि एसिलॉरलक्झोटिका यांनी मिळून कॅमेरा, माइक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता बसवलेले रे-बॅन बाजारात आणले. मे २०२५ मध्ये ते भारतातही विक्रीला आले. त्याच वर्षी जुलैमध्ये मेटाने चष्म्याच्या या कंपनीत जवळपास ३ टक्के हिस्सा घेतल्याच्या बातम्या आल्या. आजवर आपण चष्म्यातून पाहत होतो, आता चष्माही पाहू लागला आहे. समोर बसलेल्याचे चित्रण चालू आहे की नाही, हे चष्म्यावरच्या एका बारीकशा दिव्यावरून ओळखायचे. जुन्या पर्सोलमध्ये आजही नवी काच बसवता येते. बॅटरीवर चालणारी वस्तू मात्र बॅटरीबरोबर म्हातारी होते. संग्राहकांनी आणि हौशी ग्राहकांनीही याचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

या साऱ्या झगमगाटात एक गोष्ट विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून इलाज झालेला नाही. त्यांतल्या कोट्यवधींना हवी आहे ती फक्त साधी ‘चाळिशी’. चष्मा ही आधी दृष्टी आहे, मग दागिना. हा क्रम ध्यानात असला की हौस करण्यात गैर काहीच नाही. उलट डोळसपणे केलेली हौस आयुष्यभर पुरते.

त्या दिवशी दुकानात काकांनी एक युक्ती केली. काड्यांवरच्या नावांवर त्यांनी कागदी पट्ट्या चिकटवल्या, किमतीच्या चिठ्ठ्या काढल्या आणि आणखी पाच-सहा फ्रेम्स ट्रेमध्ये मिसळल्या. भाचीने एकेक लावून पाहिली, मान खाली घालून हलवून पाहिली, बिजागऱ्या उघडल्या-मिटल्या. पाऊण तास गेला. अखेर तिने एक निवडली आणि पट्टी काढली तर ती महागडीच निघाली! मला हसू आले. "मामा, हसू नकोस," ती म्हणाली. "ही नाकावरून घसरत नाही, कानाला टोचत नाही आणि लावल्यावर मी मीच दिसते."

पैसे तिचेच होते आणि आता कारणही तिचेच होते. काकांनी बिल फाडले.