आजोबांचं वय नको, साक्ष मोजा

आमचे आजोबा नव्वदी ओलांडून गेले. भेटायला येणारे म्हणत, 'सोनं झालं म्हाताऱ्याचं!' १९७२च्या दुष्काळात पाझर तलावावर त्यांनी खडी फोडली, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी चावली, तो विषय मात्र कुणी काढला नाही. दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातूनच महाराष्ट्रात १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. देशाने तसा कायदा २००५मध्ये केला. कायद्याची कलमं ग्रंथालयात मिळतात. मुकादम हजेरी कशी मांडायचा, तान्ही पोरं कुठल्या सावलीत निजवायचे, हे आजोबाच सांगत. तेराव्याला गावजेवण घालणाऱ्यांनी म्हाताऱ्यांचं बोलणं हयातीतच मोबाइलवर नोंदवावं आणि ग्रामपंचायतीने ते जपावं. त्याला अनुदान लागत नाही, दुपारभर सवड लागते.